गरीब म्हणजे डोसाइल

सुपा,
१२ जानेवारी २०२५

ती. ज्योतीताईस,
सा. न. वि. वि.

कंपनीत माल तपासणाऱ्याची जागा निघाली आहे. मुलाखत इंग्रजीत, आणि मी नववीतून शाळा सोडलेला. स्पेलिंग माझं चुकत नाही, हे तुला माहीत आहे. पण डिक्शनरीत अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात दिलेला असतो. तू शाळेत मुलांना सांगतेस तसे अर्थ मला लिहून धाड. फोनवर नको. फोन स्पेलिंग आपोआप सुधारतो आणि माणूस आळशी होतो.

काळजीने जेवण जात नाही. जीव लावतेसच, तसा अर्थही लाव.

तुझा,
वैजनाथ

संगमनेर,
१९ जानेवारी

चि. वैजनाथ यास,
अ. उ. आ.

पत्रात एक वेलांटी चुकली नाही, आणि म्हणे काळजी! घे शब्द. 'रिलक्टंट': मन नसताना निघालेला, लहानपणी आंघोळीला निघालेला तू. 'मेटिक्युलस': बारीकसारीक तपासल्याशिवाय न सोडणारा, आत्ताचा तू. 'डोसाइल': गरीब. घोडेगावच्या बाजारात गाय गरीब आहे म्हणतात, तसं.

आपल्या ढवळीला मात्र हा शब्द लागू नाही. तिला गरीब म्हणा, असं दलालाने किती विनवलं. पण दादांनी गिऱ्हाइकाला ती मारकी असल्याचं सांगितलंच, आणि तिला घेऊन घरी परत आले. आई अजून त्यावरून बोलते.

पोटभर जेव. माया आहेच, शब्द संपले की कळव.

तुझी,
ताई

सुपा,
७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलाखतीत घरची परिस्थिती विचारली. मी ठासून सांगितलं, की आमचं कुटुंब फार डोसाइल आहे. मॅडमनी हसू दाबत विचारलं, की सांगेल ते मुकाट्याने ऐकता का सगळे? तेव्हा चूक कळली. कान तापले. म्हटलं, ही गरिबी गाईची झाली, आमची पैशाची आहे. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत ढवळीची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, साहेबांनी खराब माल पास करायला सांगितला तर? मी म्हणालो, की मी त्याच दादांचा मुलगा आहे आणि अजिबात डोसाइल नाही. या वेळी शब्द बरोबर बसला.

ताई, जागा मला मिळाली!

फोनवर दादा नुसतं बरं म्हणाले. पण आई सांगते, गोठ्यात जाऊन ढवळीला म्हणत होते, की लई लाथा खाल्ल्या तुज्या, पन आज पोरगं तुज्यामुळं साहेब झालं. तिनं लगेच आणखी एक झाडली.

'मारकी'ला इंग्रजीत काय म्हणतात, ते कळव. दादांनी विचारलं आहे.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
वैजनाथ