घेवड्याचे साठ दाणे आणि उरलेले चार

ती. आत्या,

नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू आधी हसशील. घडलं ते असं:

१. थंडी सरल्यावर मी परसात दोन वाफे केले.
२. तू दिलेल्या पुडीत घेवड्याचे चौसष्ट दाणे होते. साठ लावले. चार सापडले नाहीत.
३. बारा दिवसांत वाफ्यांत काहीही उगवलं नाही.
४. बाबांनी रविवारी गवंड्याला बोलावलं आहे. सगळ्या परसात फरशी.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल. वाफे बिनचूक होते (पाणसळ लावून सपाटी पाहिली आहे). पण कामावर मी दिवसभर लोकांचे तराजू तपासते. न तपासता एखादी गोष्ट नीट चालली आहे असं मानायची मला सवय नाही. म्हणून रोज सकाळी सातला पाच दाणे उकरायचे, धुवायचे, मोजपट्टी लावायची, वहीत लिहायचं आणि पुन्हा पुरायचे. पाचव्या दिवशी मोड तीन मिलिमीटर होता. (मोजताना तुटला. नोंद आहे.) बाराव्या दिवशी साठही दाणे तपासून झाले. बाबा खिडकीतून म्हणाले, "पेरणी चाललीये की शवविच्छेदन?" आई म्हणाली, "असू दे. दाण्यांची तरी रोज चौकशी करते, आपली कधी केली?" मग बाबांनी अट घातली: हिरवं काही दाखव, फरशी रद्द. माझ्याकडे दाखवायला वही होती.

सोमवारी नळाजवळ, जिथे मी तुझी पुडी फोडली होती, तिथे जमीन चार ठिकाणी फुगलेली दिसली. तिथली माती येता-जाता तुडवून दगड झालेली. खत नाही, आखणी नाही. एका जागी वाळलेल्या चिखलाची खपली झाकणासारखी उचलली गेली होती आणि खाली घेवडा, मान खाली घालून, पाठीने ढकलत उभा होता. मी बसले. (कामाला वीस मिनिटं उशीर झाला. पहिल्यांदाच.) खपली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: अठ्ठेचाळीस ग्रॅम. रोप दीड ग्रॅमचं असावं. उपटल्याशिवाय नक्की कळलं नसतं, उपटलं नाही. आत्या, स्वतःच्या बत्तीसपट वजन उचलायचं हे काम मी कुठल्याही यंत्राला सांगितलं असतं, तर त्याने आधी पक्का पाया मागितला असता.

बाबांना दाखवलेलं नाही. ते विचारतील, यात तुझं काय? उत्तर "काही नाही" असं आहे. आणि फरशीसाठीची वाळू नेमकी नळाजवळ पडणार आहे. बाबा थोरल्या बहिणीचं ऐकतात. त्यांना फरशी थांबवायला सांग. माझं नाव नको.

तुझी भाची

ता. क. आज सकाळी चारही रोपांभोवती विटा उभ्या केलेल्या होत्या. मी केल्या नाहीत. आईनेही नाहीत. बाबांच्या चपलांना नळाजवळचा चिखल आहे.

ता. क. २. यावर बाबा काही बोललेले नाहीत. मीही नाही. त्यामुळे रविवारी गवंडी येणारच. फरशी थांबवायचं आम्हा दोघांपैकी कोणालाही सांगितलंस तरी चालेल. वेलांना आधार कशाचा द्यायचा तेही लिही. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं.