उंबराच्या आत

माकणी, रविवार

प्रिय शिवू,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाच आठवडे झाले. कोयनेच्या जंगलात किड्यांवर संशोधन करायला दोन वर्षं जायचं की नाही, हे तुला वीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. त्यावर मी काय बोलले ते तुझ्याइतकंच मलाही पाठ आहे. 'किडे मोजायला जायचं तर जा, पण मग तुला जन्म देणारी अव्वा मेली समज.' बोलताना माझ्या हातात लाटणं होतं, असं तुझे अप्पा म्हणतात. असेल. त्याचं शेवटी बोलते. तोवर रागानं पत्र फाडू नकोस, कारण मी जे पाहिलंय ते सांगण्याजोगं घरात दुसरं कुणी नाही. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं."

गेल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आमची प्रशिक्षणं तुला माहीत आहेत. सही करायची, चहा प्यायचा, मागच्या रांगेत बसून मोबाइलवर शाळेची माहिती भरायची. त्याच तयारीनं मी चार्जर आणि भाकरी-चटणी घेऊन गेले. पाहते तर धरणाकाठच्या ज्या शाळेत प्रशिक्षण होतं, तिथं खुर्च्याच मांडलेल्या नाहीत. नंदीश नावाचे तिशीतले प्रशिक्षक दारात उभे राहून प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं भिंग अडकवत होते आणि मोबाइल टोपलीत जमा करत होते. काहींचे चेहरे बघायला हवे होतेस. आमच्या शाळेच्या पंचाक्षरी गुरुजींना निवृत्तीला सात महिने राहिलेत. ते म्हणाले, "आता ह्या वयात आमाला भिंग देऊन काय उपेग? आमचं समदं बघून झालंय."

पहिले दोन दिवस आम्ही माती चाळली, मुंग्यांपुढं साखर आणि मीठ ठेवून त्या काय करतात ते पाहिलं, धरणाच्या पाण्याचा एक थेंब घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या थेंबात काय काय पळत होतं म्हणून सांगू! एक जीव तर आरपार दिसणारा, त्याचं काळीज बाहेरून धडधडताना दिसत होतं. या पाण्यात मी इतकी वर्षं धुणी धुतली. पंचाक्षरी गुरुजी एकदा डोळा लावून बसले ते हलेचनात. शेजारच्या गावच्या मुख्याध्यापिका उमाबाई ओरडल्या, "सरका की गुर्जी, लई वेळ झाला तुमचं!" दोघांची चांगलीच जुंपली. यावरून आम्ही पोरांना उठाबशा काढायला लावतो, शिवू.

तिसऱ्या दिवशी नंदीश आम्हाला उंबराखाली घेऊन गेले. डोकं दुखतंय असं सांगून मी मागं राहायला बघत होते, पण उमाबाईंनी दंडाला धरून ओढलं. दत्ताचं झाड म्हणून गुरुजींनी आधी चपला काढून नमस्कार केला, मग फळं तोडली. उंबराला फूल असतं का, असं नंदीशनी विचारल्यावर चाळीस शिक्षक एका सुरात नाही म्हणाले. मी वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिले. त्यांनी नुकतं लालसर होऊ लागलेलं एक उंबर ब्लेडनं उभं चिरलं आणि अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं.

मी भिंग लावलं आणि उंबर डोळ्याशी नेलं. आतली सगळी भिंत फुलांनी भरलेली. शेकडो फुलं, दाटीवाटीनं, बाजरीच्या दाण्याहून बारीक. त्यांच्यामधून काळी चिमुकली चिलटं धडपडत बाहेर येत होती. नंदीश सांगत होते. या चिलटांची आई उंबराच्या तोंडाच्या छिद्रातून आत शिरते. छिद्र इतकं अरुंद, की तिचे पंख तिथंच तुटतात. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती फुलांना देते, अंडी घालते आणि आतच मरते. नरांना तर पंखच नसतात. ते भिंत पोखरून वाट करून देतात आणि त्या वाटेनं लेकी पराग घेऊन उडून जातात, एक-दोन दिवसांच्या आयुष्यात नवं उंबर शोधायला. ही चिलटं नसतील तर उंबराला बी नाही आणि उंबर नसेल तर चिलटं नाहीत. लाखो वर्षं हे चाललंय, आणि आमच्या शाळेच्या कुंपणाला लागूनही चाललंय! मला रडूच आलं. गुरुजींचेही डोळे भरले होते. म्हणाले, "बाई, पस्तीस वर्सं म्या पोरांना खोटं शिकिवलं." नंदीश त्यांना म्हणाले, तुम्ही पाहिलंच नव्हतं, तर ते खोटं कसं? माझी समजूत मात्र तशी घालता येणार नव्हती.

तू चौथीत माझ्याच वर्गात होतीस. घरी अव्वा, शाळेत बाई. एके दिवशी मी फळ्यावर 'फुलं न येणारी झाडं' असं लिहून पहिलंच नाव उंबराचं घातलं आणि तू उभी राहिलीस. "बाई, उंबराला फुलं हायत. आत हायत, म्या बघितली." मुठीत फोडलेलं उंबर होतं. पोरं हसली. बाईंनी लेकीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुला नेहमीच दुप्पट शिक्षा करायचे. उंबर फेकायला लावलं आणि तास संपेपर्यंत तुला दारात उभं केलं. पंधरा दिवसांनी चाचणीत तोच प्रश्न आला. तू निमूटपणे 'उंबर' लिहिलंस आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्यानंतर तुझ्या दप्तरात बिया, पिसं, किडे सापडायचे बंद झाले. मी अप्पांना म्हटलं, पोरगी सुधारली.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. तुला दारात उभं केलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी मागं थांबले आणि उंबराखाली जाऊन एक फळ फोडलं. भिंग नव्हतं, पण डोळे होते. तू म्हणत होतीस ते आत होतं. म्हणजे चाचणीत तुझ्या चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करताना मला सगळं माहीत होतं. वर्गापुढं बाई चुकलेली दिसायला नको, एवढ्यासाठी मी सतरा वर्षं हे गिळून बसले. पाच आठवड्यांपूर्वी फोनवर ओरडले तेव्हाही तू बरोबर आहेस हे मला कळत होतं, फक्त तू लांब जाशील याची भीती वाटत होती. एकदा गप्प बसले, आता बसणार नाही. जा, शिवू. काल मी चौथीच्या पोरांना उंबराखाली नेलं, फळ चिरून दाखवलं आणि सांगितलं, की आपल्या शाळेत ही फुलं सगळ्यांत आधी शिवप्रिया नावाच्या मुलीनं पाहिली आणि बाईंनी तिला त्याची शिक्षा केली. मग पुढं बसलेल्या एकीनं विचारलं, "बाई, मंग तुमी तिला सॉरी म्हणलाव का?" म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तुझीच,
अव्वा