शेपटाचा खेळ

वालूर, ता. सेलू
दि. २१ ऑगस्ट २०२५

चिरंजीव नागसेन,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? गुवाहाटीच्या ओलसर हवेत ठणकत असतील, तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांग. दादांचा दमा? सूनबाई रेणुकाचं अंग बाळंतपणानंतर भरलं का? लेक रांगायला लागली असेल, उंबऱ्याकडं लक्ष ठेवा. आणि तू वेळेवर जेवतोस ना?

इकडं सोयाबीन फुलावर आलंय. म्हैस व्याली, पारडी झाली. आमचे हे बरे आहेत, बोलत नाहीत फार.

पत्ता तू दिवाळीला पाठवलेल्या खोक्यावरून उतरवला. परवा तुझा फोन आला, हातात असून मी उचलला नाही. उचलला असता तर आवाज माझा निघाला असता.

मागणं एकच आहे. तुझा नि माझ्या महारुद्रचा तो शेपटाचा खेळ मोडू नकोस. एकानं इंग्रजी शब्दाचा शेवट द्यायचा, मग आळीपाळीनं त्याच शेवटाचे शब्द पाठवायचे, अडला तो हरला. परभणीला एका खोलीत राहायचात तेव्हापासूनचा. सुट्टीत आलास की दोघं माझ्या चुलीपुढं बसून भांडायचात, मी भाकरी थापता थापता ऐकायचे. माझी शाळा चौथीत सुटली. एबीसीडी मी महारुद्रच्याच पुस्तकातून, त्याच्याच संगं गिरवली.

मागं ‘इंग’ चालू होतं तेव्हा तू लिहिलंस, “म्हातारा झालास का रे? सगळे दुकानाच्या पाट्यांवरचे शब्द पाठवायलास!” खरंच होतं ते. वेल्डिंग, वायरिंग, पार्किंग. सेलूच्या बाजारात मी पाट्या वाचतच फिरते. कोचिंग सापडलं त्या दिवशी भाजी घ्यायची विसरून घरी आले. तुझं चिडवणं वाचून हसू आलं बाबा, लय दिवसांनी आलं. मग तोंडात पदर कोंबून बसले.

आता तू ओळखलंच असशील. गुढीपाडव्याच्या आधी सेलू रोडवर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, गाडीवरून येताना त्याला दिसली नाही. परभणीला नेलं. नाही राहिला आपला महारुद्र.

तू दूर, तुझं घरही इकडून उठलेलं, तुला सांगणारं इथं कोणी उरलं नव्हतं. मी सांगायला पाहिजे होतं. पण तेराव्याच्या आधीच त्याच्या फोनवर तुझा निरोप आला, “कुठं गायब हाएस, हरलास का?” गावात माझ्यासमोर त्याचं नाव कोणी काढत नाही, मी आले की बाया गप होतात. त्याच्याशी बोलणारा तेवढा तूच राहिलेलास. वाटलं, एक शब्द पाठवावा, मग सांगू. एकाचे दोन झाले, मग थांबवेना.

ह्यांनी एकदा पाहिलं. म्हणाले, “मेलेल्याच्या हातानं कशाला लिहायलीस गं?”

मी म्हटलं, “जिता होता तेव्हा तरी आपल्याशी कुठं एवढं बोलायचा?”

उठून गोठ्यात गेले. पुन्हा विचारलं नाही.

आज लिहायले ते तू ‘शन’ दिलंस म्हणून. स्टेशन झालं, रेशन झालं, पेन्शन झाली. आता पाळी माझी आहे. शब्द मला येतात रे. ॲडमिशन, इंजेक्शन, ऑपरेशन, कंडिशन. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात दुसरं काही कानावर पडलंच नाही. पण ते शब्द त्याच्याच फोनवरून, त्याच्याच नावानं पाठवायचे, तर बोट पुढं सरकत नाही. अडले आहे ती एवढ्यासाठी. हरले असेन तर मी हरले, तो नाही हरला. एवढं लक्षात ठेव.

राग आला तर राग लिही, शिव्या घाल, मी वाचीन. पण गप राहू नकोस. तू थांबलास की त्या फोनवर फक्त रिचार्ज संपल्याचे निरोप येतात. रोज उघडून बघते, काय बघते देव जाणे. दुसरा एखादा शेवट दे. मावशी म्हणून दे, नाहीतर त्याचंच नाव घालून दे, मला दोन्ही चालतं.

लवकर लिही बाबा. सबुरी आता होत नाही.

तुझी मावशी,
महारुद्रची आई,
नर्मदाबाई