बत्तीसशेवर टिकत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

नापास!

जिन्यातच अडकलं. पुण्यातल्या बाणेरच्या आर्किटेक्चर स्टुडिओच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर बघत होत्या. त्यांनी पाठवलेली अख्खी इमारत माझ्या कंप्युटरवर उघडायची आणि तिच्यातून त्यांना फिरवून आणायचं — दारातून आत, जिन्यानं वर, गच्चीवर. नोकरीसाठी एवढीच परीक्षा. पार्किंगमध्ये बरं चाललं होतं. जिन्यावर जे थांबलं ते थांबलंच, आणि मग एकदम उडी — थेट भिंतीत! मॅडम म्हणाल्या, "काम छान आहे तुमचं. मशीन नाही." पंचवीस तारखेला शेवटची संधी. तेव्हाही अडकलं तर दुसरी मुलगी घेणार.

'काम छान आहे' — लग्न होऊन सारोळ्याला आल्यापासून हे मला कुणी म्हणालं नव्हतं. भाकरी छान म्हणतात. ते वेगळं.

कुमार दुकानातून जेवायला आला तेव्हा सांगितलं. (तोंडावर 'अहो', इथे तरी कुमार म्हणते!) "हुईल गं," म्हणाला आणि ताक मागितलं. टायरवाल्याला काय, पंक्चर काढलं की गाडी पळते.

६ नोव्हेंबर

दुखणं सापडलं! रॅमच्या पाकिटावर वेग लिहिलाय ३२००. कंप्युटर दाखवतोय २१३३. शर्यतीचा बैल आणून औताला जुंपल्यासारखं. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्रांचं सगळं ओझं ह्या रॅमवर. ती सावकाश चालली की जिना अडणारच.

माझंही तेच आहे म्हणा. डिप्लोमा आर्किटेक्चरचा, आणि वेग डेअरीच्या किटल्यांचा.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज लई हसलो.

सकाळी कंप्युटरचा डबा उघडला. आधी हळद निघाली! खंडेनवमीला आत्यांनी — सासूबाईंनी — हत्यारांबरोबर कंप्युटरही पूजला होता, जाळीतून हळदकुंकू आत. ब्रशनं झाडलं. आणि बघते तर रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. नसरापूरच्या इंद्रजितला फोन केला, त्याच्याच दुकानातून आणल्या होत्या. तो कपाळ बडवून घेत असणार. "वहिनी, शेजारी न्हाई बसवायच्या! दोन नंबरला एक, चार नंबरला एक. मधी एक घर मोकळं. तरच दोगी मिळून वढतात."

बसवल्या होत्या कुमारनं. त्याला विचारलं तर म्हणतो, "पाकिटावर जोडी लिवलंय. जोडी म्हटल्यावर शेजारीच बसवणार ना!" आत्यांनी लगेच लेकाची बाजू घेतली — "बराबर हाय त्याचं. सत्यनारायणाला जोडी काय मधी पाट सोडून बसती व्हय?" मला हसू आवरेना. कुमारही हसला. बऱ्याच दिवसांनी तिघं एकत्र हसलो.

मग मधे घर सोडून बसवल्या. चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, की बायोसची, म्हणजे कंप्युटरच्या मूळ सेटिंगची, निळी स्क्रीन येते. तिथं वेगाचं सेटिंग. कुमारला शेजारी बसवून दाखवलं — इथं जायचं, हे ऑटोवरून बदलायचं, मग जपून ठेवायचं. त्यालाही कौतुक वाटलं.

३२००! जिना सरसर चढले. गच्चीवर जाऊन आले. मला रडू येत होतं.

९ नोव्हेंबर

मॅडमचा मेसेज. पास झाले तर पहिले तीन महिने पुण्यात, ऑफिसात बसून शिकायचं. राहायची सोय त्यांची. मग घरून काम.

भीत भीत कुमारला वाचून दाखवला. "तीन म्हैनेच ना? जा की. आई हाय, मी हाय." इतकं सोपं! मी उगाचच दोन तास वाक्यं जुळवत बसले होते.

१२ नोव्हेंबर

डेअरीत दूध घालून आले, कंप्युटर लावला. २१३३.

आपोआप? परत ३२०० केलं. चालतंय.

१३ नोव्हेंबर

रॅमची तपासणी लावून दिवसभर सोडून दिली. एकही चूक नाही. म्हणजे पट्ट्या धडधाकट आहेत, वेग त्यांना झेपतो. मग का घसरतात?

१५ नोव्हेंबर

परत २१३३!!

इंद्रजित म्हणाला, चालू होताना अडखळला तर मदरबोर्ड घाबरून स्वतःच मूळ वेगावर येतो. नाहीतर बोर्डावरचा बटणासारखा सेल गेला असेल, लाइट गेली की सेटिंग विसरत असेल. कुमार स्वतः नसरापूरला जाऊन सेल घेऊन आला. बिचारा! दुकान बंद ठेवून गेला.

सेल बदलला. एक खटकतंय — जुना सेल गेला असता तर तारीख-वेळही विसरला असता ना? घड्याळ तर मिनिटाला बरोबर होतं. जाऊ दे. बसलाय नवा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

२१३३.

डोकं आपटावंसं वाटतं. रोज सकाळी तेच. रात्री ३२०० वर बंद करते, सकाळी डेअरीतून येते तर खाली. आता लावायचीच भीती वाटते. पंचवीसला सकाळी मी बदलेनही, पण कॉल चालू असताना घसरलं तर? कारण कळल्याशिवाय भरवसा कसा ठेवू?

ओट्यावर उभं राहिलं की हायवेचा आवाज येतो. पुण्याच्या गाड्या नुसत्या सूं सूं जातात. तासाभराचा रस्ता. आणि मी इथं एका आकड्यापाशी अडकून बसलेय. कुणी हात धरलेला नाही, कुणी जाऊ नको म्हटलेलं नाही, आणि तरी जाता येत नाही. ओरडावं तर कुणावर? डब्यावर?

आईचा माहेराहून, पासलीहून फोन आला. भातकाढणी चालू आहे. "कवा जायचं ठरलं गं पुण्याला?" म्हणाली. बघू म्हटलं.

२० नोव्हेंबर

आज वाईट बोलले.

आत्या ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसत होत्या, आणि कंप्युटर चालू होत होता! बटणं दाबली जात होती, डिलीटसुद्धा. मला एकदम सगळं उलगडलं असं वाटलं. ओरडलेच — "तुम्हीच बिघडवताय रोज! हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

त्या घाबरल्या. "म्या फकस्त धूळ पुसली गं. चालू मी न्हाई केला, आधीच व्हता." फडकं तसंच टाकून परसात गेल्या. कुमार मोरीपाशी होता, त्याच्याकडे बघितलं. त्यानं आईची बाजू घेतली नाही, माझीही नाही. जेवतानाही मान खाली.

मला आता लाज वाटतेय. पण राग गेलेला नाही.

२१ नोव्हेंबर

आत्या बोलत नाहीत. माझं ताट वाढून ठेवतात आणि जातात. कंप्युटरच्या खोलीत पाऊलही टाकत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्या काल दिवसभर तिकडे फिरकल्या नाहीत, आणि तरी आज २१३३.

म्हणजे त्या नव्हत्या.

इंद्रजितला विचारलं. म्हणाला, "निळ्या स्क्रीनला पासवर्ड टाका. कंप्युटर नेहमीसारखा चालू हुईल, पण सेटिंगपाशी जाता येणार न्हाई. मग मांजर नाचलं कीबोर्डवर तरी कायबी हलायचं न्हाई. तरी घसरला, तर बोर्डच खराब." आत्ता दुपारी टाकला. ३२०० करून. कुणाला सांगितलं नाही — सांगण्यासारखं काय त्यात! सगळ्यांना ह्या डब्याचा कंटाळा आलाय.

२४ नोव्हेंबर

३२००. पहिल्यांदाच सकाळी ३२००! दिवसभर तीन वेळा इमारत फिरले. कुठेही अडलं नाही. म्हणजे बोर्ड चांगला आहे.

आत्यांची माफी मागितली. "आसूं दे," म्हणाल्या, पण चहाचा कप माझ्या हातात दिला. कुमारला सांगितलं, टिकलं एकदाचं! "बरं झालं," म्हणाला. थकलेला दिसतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डेअरीतून आले तर कुमार मोरीपाशी दात घासत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या निळ्या स्क्रीनला पासवर्ड काय टाकलास गं?"

मी किटली खाली ठेवली. "तुम्ही तिथं कशाला गेला होता?"

ब्रश तोंडातच राहिला.

३२०० आहे. अकराला कॉल. खोलीचं दार मी आतून लावून घेतलंय.