पार्सलवरची मिस

श्रावस्तीचे बाबा, जयभीम.

लेकीच्या घरी द्वारकेला नीट पोचले. पोरगी तब्येतीनं बरी आहे, काळजी करू नका.

काल पार्सलवाला दारात विचारतो, "मिस श्रावस्ती?" मी म्हटलं, मिसेस म्हण, लग्न झालंय तिचं. तर म्हणाला, "आंटी, यही लिखा है."

पोरीला विचारलं, तर म्हणे, "आई, शाळेतल्या बाईंनाही मिसच म्हणतात." हिच्या घरी काय शाळा भरते? जावई कुठं आहेत, तर त्यांची गाडी मिस झाली. निदान मिसकॉल तरी आला का, तर उठून पार्सल फोडायला लागली.

मिस करणं म्हणजे आठवण येणं, एवढं मलाही टीव्हीवरून कळतं. तेवढा एक अर्थ तिनं काढलाच नाही.

गुडघ्याला तेल लावता ना? मी इतक्यात परत येत नाही.

तुमची,
मीराबाई