अडीचशेचे तेवीस

सोमवार, १ जानेवारी १९९६. सकाळी सात.
संकल्प. यंदा आपलं साप्ताहिक 'मांजराकाठ' संपूर्ण मेट्रिक करणार. लातूरच्या गल्लीगल्लीत कोचिंग क्लास, पोरं झोपेतही न्यूटन-मीटर बडबडतात, आणि आपल्या पेपरात अजून फूट, इंच, मैल! मोठे पेपर, मासिकं केव्हाच सुधारली. मी बी.एस्सी. उपसंपादक असताना ही नामुष्की. संपादक गुलाम रसूल साहेब म्हणाले, "शिवमूर्ती, लोकांना कळंल असं लिहा मियाँ, बस्स." म्हणजे परवानगी मिळाली.
सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, "आमचं ब्लाउजपीस कवाचंच ऐंशी सेंटिमीटर झालंय." बायकोला विषयाचं गांभीर्य नाही.

सोमवार, ८ जानेवारी.
पहिला मेट्रिक अंक शुक्रवारी निघाला. देखणा. आज निलंग्याचे किराणा दुकानदार मडिवाळप्पा ऑफिसात आले, तापलेले. पोरीच्या, आरतीच्या, स्थळासाठी जाहिरात दिली होती. उंची पाच फूट एक इंच. मी १.५५ मीटर केली. पाहुण्यांनी निरोप धाडला म्हणे, "दीड फुटाची पोरगी आम्हाला नको."
त्यांना दशांश चिन्ह समजावून दिलं. ते म्हणाले, "चिन्ह ऱ्हाऊ द्या, स्थळ गेलं ना."
साहेबांनी जाहिरात पुन्हा छापायला लावली. फुटात. कोणत्याही सुधारणेला सुरुवातीला विरोध होतोच.

शुक्रवार, १९ जानेवारी.
पहिलं पान माझं. भूकंपग्रस्तांच्या नव्या घरांची बातमी. सरकारी कागदात 'अडीचशे चौरस फूट' असं जुनाट लिहिलेलं. मी हेडिंग दिलं: 'प्रत्येक घर २३ चौरस मीटर'. किती सुटसुटीत!

सोमवार, २२ जानेवारी. दुपारी दोन.
मोर्चा! आपल्या ऑफिसवर! आजवर इथं कुत्रं भुंकायला आलं नव्हतं. वाचक वाढले, सिद्ध झालं.
साठ-सत्तर माणसं, औशाकडच्या नव्यानं वसवलेल्या गावची. पुढं सरजाबाई. साठीची बाई, भूकंपात घर गेलं, सव्वादोन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली. म्हणाल्या, "अडीचशेचं तेवीस कुणी केलं? दोनशे सत्तावीस कुणाच्या घशात गेलं?"
वजाबाकी बरोबर होती. मी कागदावर गुणाकार करून दाखवला. बाई म्हणाल्या, "कागदावर न्हाई, माझ्या घरात येऊन दाखव."
कबूल केलं. विज्ञान लोकांच्या दारी!

गुरुवार, २५ जानेवारी.
नवा मीटर-टेप घेऊन गावात गेलो. सगळं गाव भोवती. सरजाबाईंचं घर सहा मीटर लांब, साडेतीन रुंद. एकवीस. पुन्हा मोजलं. एकवीसच. मी तेवीस छापलं होतं!
सरजाबाई म्हणाल्या, "मी बी कवाचं तेच सांगून राहिले. घर कमी हाय. बाज टाकली की दार उघडत न्हाई."
मी म्हटलं, बाई, पेपरात चुकलं, आता मी स्वतः दुरुस्त करतो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. पत्रकारितेचं सार्थक झालं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी.
शुद्धिपत्र छापलं. ठळक, चौकटीत. 'घरांचं क्षेत्रफळ २३ चौरस मीटर असं चुकून छापलं गेलं. ते २१ असं वाचावं.' साहेब भाच्याच्या लग्नाला नांदेडला, पान छपाईला मीच सोडलं. चूक कबूल करायला छाती लागते.

रविवार, ४ फेब्रुवारी.
शेजारच्या दैनिकातल्या कलीमनं चार कॉलम हेडिंग टाकलं: 'अडीचशेतले चोवीस फूट कुणी खाल्ले?' खाली सरजाबाईंचा फोटो, बाजेसकट. सनसनाटी. आणि अजून फुटातच! मागासलेपणा.
साहेबांचा नांदेडहून फोन. त्या घरात तुम्ही गेलतात का? गेलो होतो. मोजलं का? मोजलं. कमी भरलं का? भरलं. मग काय केलं? म्हटलं, शुद्धिपत्र. पलीकडून खाडकन आवाज आला नि फोन बंद. लाइन खराब असावी.

सोमवार, १२ फेब्रुवारी.
गावात चौकशीला अधिकारी आले. साहेबांनी मला जायलाच लावलं.
ठेकेदारानं खिशातून आपला अंक काढला. म्हणाला, "घर एकवीसचंच होतं साहेब. पेपरवाल्यांनी मोजून दुरुस्ती छापली. हे बघा." अधिकाऱ्यांनी चौकट वाचली. मला विचारलं, हे तुम्हीच छापलं? म्हटलं, हो. त्यांनी अंक फाइलला लावला.
सरजाबाई म्हणाल्या, "कमी भरलं म्हणून तूच बोललास न्हवं? सांग की ह्यायला."
मी सांगायला सुरुवात केली. २३ आणि २१ यांतला फरक नीट मांडत होतो, पण अधिकारी जीपमध्ये बसले होते. सरजाबाई घरात गेल्या. दार अर्धंच लागलं.
परतीच्या एसटीत ठेकेदाराच्या मुकादमानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. रुमाल उचलून म्हणाला, "बसा ना साहेब, तुम्ही आपलेच हाव."
उभा आलो. लातूरपर्यंत.