सात-बारावर नसलेली झाडं

ती. बाबा,

खारघरहून वाकून नमस्कार. फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे, डबा वेळेवर खाते. तुमचा गुडघा कसा आहे?

माझं काम विचारत होतात ना? विजेची नवी मोठी लाईन कुठून न्यायची, ते आम्ही कॉम्प्युटरकडून काढतो. हजारो वाटा ताडून तो सगळ्यात कमी खर्चाची निवडतो. घरं, बागा टाळतो. पड जमीन त्याला आवडते.

परवा त्याची वाट आपल्या सड्यावरच्या जमिनीतून गेली. आईने कळशीने पाणी घालून जगवलेले चाळीस काजू त्याला दिसलेच नाहीत. सात-बारावर अजून ‘पड’च आहे. नोंद करा म्हटलं की तुम्ही ‘झाडं काय कागदावर वाढतात?’ म्हणायचात!

जमीन आमची आहे, हे मी साहेबांना सांगितलं. आता ती लाईन दुसरं कोणी बघतंय, मी हात लावणार नाही. पण कागद खरा करणं तुमच्या हातात आहे. टेन्शन घेऊ नका. शेजारच्या वैजयंतीकाकूंच्या मोबाईलवरून ई-पीकपाहणी तेवढी भरा, म्हणजे काजूंची नोंद सात-बारावर येईल.

फोटो झाडापाशी उभं राहूनच काढावा लागतो. आईने लावलेल्या पहिल्या काजूपाशी काढा, आणि एक मलाही पाठवा.

तुमचीच,
ईश्वरी